काँक्रीटची छायाचित्रे : आकृती आणि काळ

दगड, वीट, लाकूड आणि माती यांना आपल्या वाङ्मयात फार पूर्वीपासून मानाचे स्थान आहे. वाड्याचा चिरा, पडवीचा खांब, सारवलेली भिंत यांचे वर्णन करताना मराठी लेखकाची लेखणी आपोआप मृदू होते. काँक्रीटच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ‘काँक्रीटचे जंगल’ हा एकच शब्दप्रयोग आपण या द्रव्यासाठी गेली कित्येक दशके वापरीत आलो आहोत, आणि तोही निंदेपुरता. ज्या छताखाली आपण शिकवतो, ज्या पुलावरून रोज जातो, ज्या टाकीतले पाणी पितो, ती सारी याच द्रव्याची; तरी त्याच्याविषयी आपली संवेदना बोथटच राहिली आहे.

शब्दाने जे केले नाही ते कॅमेऱ्याने केले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही छायाचित्रकारांनी काँक्रीटकडे इतक्या एकाग्रतेने पाहिले की, त्यांच्या चित्रांमुळे जगातील सुशिक्षितांची दृष्टी पालटली. या चित्रांतील काही महत्त्वाची चित्रे आपल्याच देशात, चंडीगढ, अहमदाबाद व दिल्ली येथे, काढली गेली. त्यांनी काँक्रीटला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे निर्विवाद होय. परंतु ही प्रतिष्ठा देताना त्यांनी काय दाखविले आणि काय झाकले, आणि त्या झाकण्याचा परिणाम प्रत्यक्ष इमारतींच्या आयुष्यावर कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम काँक्रीट आणि छायाचित्र यांचे नाते पाहू. काँक्रीट हे घडविले जात नाही, ओतले जाते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण साच्यात पडते व साच्याच्या अंगावर जे जे असेल ते ते स्वतःवर उमटवून घेते. फळीची शीर, दोन फळ्यांमधील फट, खिळ्याचे डोके, पत्र्याचा पोचा, यांतले काहीही ते विसरत नाही. जेथे साचा आत गेलेला, तेथे काँक्रीट बाहेर येते; जेथे साचा फुगलेला, तेथे ते दबते. निगेटिव्हवरून छायाचित्र उमटते तेही असेच, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन. अर्थात दोन्ही कला ठशाच्या कला आहेत, आणि काँक्रीटचे छायाचित्र म्हणजे ठशाचा ठसा होय.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. काँक्रीटची कोणतीही इमारत उभी राहण्यापूर्वी तिच्या जागी लाकडाची एक इमारत उभी असते. सुतारांनी बांधलेले ते सेंट्रिंग, त्या वल्ल्या, ते टेकू आणि फळ्या, हे सारे काँक्रीट पक्के झाले की काढून नेतात. ज्या कारागिरीवाचून वास्तू उभीच राहिली नसती, ती कारागिरी वास्तू पूर्ण होण्याच्या क्षणी नाहीशी होते. तिची साक्ष दोनच ठिकाणी उरते: काँक्रीटच्या त्वचेवर आणि, कोणी काढलेच असेल तर, छायाचित्रात. म्हणून काँक्रीटचे छायाचित्र काढणाऱ्यावर दगडी मंदिराचे चित्र काढणाऱ्याहून एक जबाबदारी अधिक पडते.

फ्रेंच वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए याने मार्सेय येथील आपल्या प्रचंड निवासी इमारतीत (१९४७–५२) काँक्रीटवर गिलावा न करता ते साच्यातून निघाले तसेच उघडे ठेवले. कामातील उणिवांबद्दल बोलताना त्याने त्यांची तुलना माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांशी केली होती. अशा काँक्रीटला फ्रेंचमध्ये ‘बेताँ ब्रूत’, म्हणजे कच्चे किंवा असंस्कारित काँक्रीट, म्हणतात. या ‘ब्रूत’ शब्दाच्या आधाराने इंग्रजीत ‘ब्रुटॅलिझम’ हे संप्रदायनाम रूढ झाले आणि इंग्रजी वाचकाला त्यात क्रौर्य ऐकू येऊ लागले. एका शब्दाच्या ध्वनीने एका सबंध वास्तुशैलीची लोकांतील प्रतिमा कशी बिघडते, याचे हे उदाहरण भाषेच्या अध्यापकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मार्सेयची ही इमारत बांधली जात असता १९४९ साली ल्युसिएँ एर्वे (१९१०–२००७) नावाचा एक हंगेरियन-फ्रेंच छायाचित्रकार तेथे गेला आणि त्याने एका दिवसात ६५० चित्रे काढली. ती पाहून ल कॉर्बुझिएने, तुमच्या ठायी वास्तुशिल्प्याचा आत्मा आहे, अशा आशयाचे पत्र त्याला लिहिले आणि १९६५ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत एर्वेलाच आपला छायाचित्रकार मानले. एर्वे १९५५ व १९६१ या साली भारतात आला. चंडीगढचे उच्च न्यायालय व सचिवालय यांची जी चित्रे पुढे जगभरच्या पुस्तकांतून गेली, त्यांतील श्रेष्ठ चित्रे त्याची आहेत.

एर्वेची रीत काय होती? तो सबंध इमारत क्वचितच दाखवतो. एक कोपरा, जिन्याचा एक वळसा, सूर्यरोधक पट्ट्यांची एक रांग, एवढेच तो घेतो. आणि तेही पुष्कळदा खालून, वरून किंवा तिरप्या कोनातून. छापलेले चित्र कात्रीने कापून नको तो भाग काढून टाकण्यास तो कचरत नसे. पंजाबच्या कडक उन्हात सावलीला धार असते, आणि या धारेचाच त्याने कुंचला केला. ‘फोटोग्राफी’साठी आपल्या भाषेत ‘प्रकाशचित्रण’ आणि ‘छायाचित्रण’ असे दोन शब्द आहेत. एर्वेच्या कामाला दुसरा शब्द अन्वर्थक ठरतो. त्याच्या चित्रांत सावली ही वस्तूची अनुचर राहत नाही. ती स्वतःच एक घन वस्तू होऊन काँक्रीटच्या शेजारी उभी राहते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली आहेत, ती वर्गात समजावून देताना आपण बहुधा कवितेची उदाहरणे घेतो. एर्वेची चित्रे या कामी अधिक सोयीची आहेत असे मला वाटते. सचिवालयाच्या दर्शनी भागावरील पट्ट्यांची पुनरावृत्ती हा संवाद. मध्येच त्या रांगेला छेदून बाहेर आलेला उताराचा मार्ग हा विरोध. आणि काळ्या-पांढऱ्या क्षेत्रांची परस्परांना तोलून धरणारी वाटणी हा समतोल. विषयाचा आधार काढून घेतला तरी चित्र उभे राहते. हे काय आहे हे न कळताही पाहणारा त्यापुढे थांबतो. शुद्ध आकृतीच्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

आणि तरीही या चित्रांसमोर अधिक वेळ बसले की एक अस्वस्थता येऊ लागते. यांत काळ नाही. पाऊस पडून गेल्याची खूण नाही, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल नाही, फायली घेऊन चाललेला शिपाई नाही. माणूस कोठे आलाच तर काळ्या आकृतीच्या रूपाने, मोजपट्टी म्हणून येतो. रंगही नाही. उच्च न्यायालयाच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या तीन प्रचंड खांबांना पुढे हिरवा, पिवळा आणि तांबडा रंग देण्यात आला. परंतु जगाच्या मनातले चंडीगढ राखाडीच राहिले, कारण जगाने ते आधी एर्वेच्या कृष्णधवल चित्रांतून पाहिले होते. वास्तू हलली, बदलली; प्रतिमा हलली नाही.

एर्वेच्या चित्रांच्या शेजारी एर्न्स्ट शायडेगर (१९२३–२०१६) या स्विस छायाचित्रकाराची चित्रे ठेवली म्हणजे ही उणीव स्पष्ट होते. शायडेगर १९५६ साली चंडीगढला होता. त्याने या चित्रांचे पुस्तक योजले होते. ते प्रसिद्ध व्हावयास २०१० साल उजाडले. त्याच्या चित्रांत शहर अजून व्हावयाचे आहे. घमेली डोक्यावर घेऊन चढणीवरून जाणाऱ्या स्त्रिया, बांबूंचे आणि वल्ल्यांचे परांचे, उघड्या मैदानावर एकटीच उभी राहत असलेली भिंत, हे त्याचे विषय. जगातील अत्याधुनिक म्हणून गाजलेली वास्तू डोक्यावरच्या घमेल्यांतून चढली, ही गोष्ट एर्वेच्या चित्रांतून कोणालाही कळणार नाही. शायडेगरच्या चित्रांतून ती न कळणे अशक्य आहे.

फडके-खांडेकरांच्या काळापासून ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आपण इतका घोळवला आहे की, वरील दोन नावे वाचताच वाचक त्यांना त्या दोन पक्षांत बसवून मोकळा होईल. तसे करणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. केवळ श्रमिक दाखविल्याने काँक्रीटचे चित्र सत्य होत नाही. डोक्यावर भार घेतलेली स्त्री ही प्रतिमा अल्पावधीत एक संकेत होऊन बसते. तिच्या चालीतील डौल पाहून परदेशी प्रेक्षक हेलावतो आणि तिच्या घमेल्यातील माल कोठे ओतला जाणार आहे हे विचारावयाचे विसरतो. अशा चित्रांत काँक्रीट हे श्रमाच्या करुणेमागचा पडदा होते. शायडेगरची चांगली चित्रे या दोषातून सुटतात, याचे कारण त्यांत श्रम आणि आकृती यांचा सांधा दिसतो: हा साचा, ही ओतणारी माणसे, आणि हा त्यांच्या मागे आकारास येणारा खांब. आकृतीला कारण मिळते आणि श्रमाला फळ मिळते.

हाच सांधा धरणांच्या चित्रांत बहुधा निखळलेला आढळतो. १९६३ साली राष्ट्रार्पण झालेल्या, २२६ मीटर उंचीच्या भाक्रा धरणापासून आपल्याकडे धरणाच्या छायाचित्राचा एक ठरीव साचा तयार झाला आहे: खाली मुंगीएवढा माणूस, वर आभाळापर्यंत गेलेली भिंत, आणि बाजूने फेसाळणारे पाणी. हे चित्र भव्यतेचा प्रत्यय देते, यात संशय नाही. परंतु धरणाची भिंत ही नदीच्या दोन बाजूंमधील वस्तू आहे, आणि चित्र नेहमी भिंतीच्या खालच्या बाजूने काढले जाते. वरच्या बाजूस काय होते, हे चौकटीबाहेर राहते. सरदार सरोवराची भिंत बडोद्याकडील आपल्या वाचकांनी पाहिली असेल. तिच्या वरच्या अंगास नर्मदेच्या काठी महाराष्ट्राच्या हद्दीतले मणिबेली हे गाव बुडाले. त्या भिंतीचे कितीही उत्तम छायाचित्र मणिबेलीचे नाव घेऊ शकत नाही. ते नाव शब्दालाच घ्यावे लागते. चित्राची मर्यादा आणि चित्राखालच्या ओळीचे महत्त्व येथे एकदमच ध्यानात येते.

याच्या उलट, ज्याला कोणी कला म्हणत नाही अशा एका प्रकारच्या छायाचित्राकडे पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या धरणाला भेगा पडल्या आणि मागाहून त्याला टेकूच्या भिंती देऊन बळकटी आणावी लागली. अशा प्रसंगी अभियंता भेगेचे चित्र काढतो तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवतो आणि चित्रावर जागा व दिनांक लिहितो. त्याला सौंदर्याशी कर्तव्य नसते. परंतु ही वस्तू काळात आहे, आज अशी आहे आणि उद्या वेगळी असेल, हे तो जाणतो. ही जाणीव आपल्या कलात्मक छायाचित्रांत दुर्मिळ आहे.

काँक्रीट काळात असते म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. काँक्रीट वाळून घट्ट होते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगाने ते घट्ट होते. म्हणूनच स्लॅब टाकल्यावर त्यावर आळी करून पाणी साठवतात आणि खांबांना गोणपाट गुंडाळून भिजत ठेवतात. त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात, परंतु त्यानंतरही ते मंदगतीने बदलत राहते. हवेतील कर्बवायू हळूहळू आत शिरतो, आतल्या सळईचे संरक्षण कमी होते, ओल पोहोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा पापुद्रा फुटून पडतो. आपल्या पावसाळ्यात बाहेरच्या अंगावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात ते काळे पडते. दगडावरील काळेपणास आपण प्राचीनता म्हणतो. काँक्रीटवरील काळेपणास दुर्लक्ष म्हणतो. पहिल्या दिवसाच्या चित्रांनी आपल्याला लावलेली ही सवय आहे. स्वच्छ, निर्जन, उन्हात तळपणारी काँक्रीटची भिंत हीच खरी, आणि पुढचे सारे तिचे पतन, असे आपण मानू लागलो.

या सवयीची किंमत काय असते, हे दिल्लीच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’ने दाखवून दिले. ‘एशिया ७२’ या व्यापारी प्रदर्शनासाठी प्रगती मैदानावर १९७२ साली उभी राहिलेली ही वास्तू राज रेवाल या वास्तुशिल्प्याची आणि महेन्द्र राज या संरचनाकाराची. मध्ये एकही खांब नसलेला सुमारे ७८ मीटरांचा गाळा त्रिकोणी जाळीच्या सांगाड्याने व्यापलेला होता. असा सांगाडा अन्यत्र पोलादाचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि मजुरी स्वस्त, म्हणून तो जागच्या जागी साचे बांधून काँक्रीटमध्ये ओतला गेला. जाळीची खोली इतकी होती की तीच उन्हाला अडवीत असे. टंचाईतून निघालेली ही युक्ती जगात अपूर्व होती.

या वास्तूची चित्रे मदन महट्टा (१९३२–२०१४) यांनी काढली आहेत. इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड येथे शिक्षण घेऊन ते १९५४ साली परतले आणि पुढील तीन दशके दिल्लीतील नव्या इमारतींचे छायाचित्रण त्यांनी केले. या लेखाच्या दृष्टीने त्यांचे स्थान मध्यवर्ती आहे. ‘हॉल ऑफ नेशन्स’च्या बांधकामाच्या चित्रांत काँक्रीटच्या जाळीबरोबर परांच्यांची जाळीही दिसते. काही ठिकाणी लाकूड कोठे संपते आणि काँक्रीट कोठे सुरू होते हे शोधावे लागते. एर्वेइतकीच आकृतीची जाण येथे आहे, परंतु ती आकृती होत असताना दाखविली आहे. सुतार, सेंट्रिंगवाले आणि ओतकाम करणारे यांना वगळून ती आकृती वाचताच येत नाही. वर म्हटलेली नाहीशी होणारी लाकडी इमारत येथे टिकून राहिली आहे.

एप्रिल २०१७ मध्ये ‘हॉल ऑफ नेशन्स’ पाडण्यात आला. साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतीस वारसा म्हणून संरक्षण देता येत नाही, अशी भूमिका दिल्लीच्या वारसा समितीने घेतली होती. त्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या संकुलाचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. वास्तूविषयी प्रेम असणाऱ्यांनी देशविदेशांतून विरोध केला. पण पंचेचाळीस वर्षांत ती मळली होती, तीत दुरुस्त्या आणि फेरफार झाले होते, आणि सामान्य माणसाला ती जुनी झालेली प्रदर्शनाची शेड एवढीच दिसत होती. तरुण म्हणून तिला वारसा मानले नाही आणि म्हातारी म्हणून तिला जगू दिले नाही. काँक्रीटच्या प्रौढ वयाचे चित्र कोणी लोकांसमोर ठेवलेलेच नव्हते, त्यामुळे त्या वयाला काही शोभा असू शकते हे कोणाच्या ध्यानी आले नाही. छायाचित्रांनी इमारत पाडली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ती पाडली जात असता समाजाला हळहळ वाटली नाही, याचा थोडा भाग निश्चितच आपल्या पाहण्याच्या शिक्षणाकडे जातो. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दक्षिण आशियातील स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा जुन्या चित्रांबरोबर रणधीर सिंग यांच्याकडून त्या इमारतींची नवी चित्रेही मुद्दाम काढवून घेण्यात आली. आजची अवस्था दाखविणे हेही छायाचित्रकाराचे काम आहे, याची ही योग्य दखल होती. ‘हॉल ऑफ नेशन्स’पुरती ती उशिरा आली.

आता नित्याच्या काँक्रीटकडे वळू. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींवरील मनोरे, शीतकरणाचे मनोरे अशा बांधकामांची चित्रे काढली. आभाळ मुद्दाम निस्तेज, सावली नाही, कोन समोरून, अंतर सारखे. आणि अशी नऊ किंवा बारा चित्रे एका चौकटीत शेजारी शेजारी. एर्वेने ज्या सावलीवर सारी भिस्त ठेवली, ती यांनी हद्दपार केली. परिणाम असा की, एकाच जातीच्या दहा टाक्या पाहताना प्रत्येकीचा स्वभाव दिसू लागतो, जसा शब्दकोशात एका शब्दाच्या दहा अर्थच्छटा वाचताना दिसतो. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जो पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा होता, ही गोष्ट बोलकी आहे.

आपल्याकडे ही दृष्टी किती फलदायी होईल, याची कल्पना करून पाहावी. गावोगावच्या उंच पाण्याच्या टाक्या, ओढ्यावरचे फरशी पूल, शाळांचे व्हरांडे. आणि या सर्वांहून हृद्य असे स्लॅबचे घर. पत्रा किंवा कौले काढून स्लॅब टाकणे हा आपल्या सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा प्रसंग असतो. त्या दिवशी मजुरांना जेवण असते, नारळ फुटतो. आमच्या भाषेत ‘स्लॅब पडला’ हे वाक्य आनंदाने सांगतात आणि आक्रोशानेही सांगतात. छत घातले गेले हाही त्याचा अर्थ आणि छत कोसळले हाही. या घराच्या गच्चीवर चार कोपऱ्यांना सळया वर सोडलेल्या असतात, पुढचा मजला कधी चढेल म्हणून. त्या गंजतात, त्यांना कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली जाते, मुले मोठी होऊन शहरात जातात, आणि मजला चढतोच असे नाही. एर्वेच्या कात्रीने त्या सळया प्रथम कापल्या असत्या. माझ्या मते आपल्या काँक्रीटचे सर्वांत अर्थपूर्ण चित्र त्या सळयांतच आहे, कारण आकृती, श्रम आणि काळ ही तिन्ही तेथे एकत्र आली आहेत.

तात्पर्य, काँक्रीटचे चांगले छायाचित्र कोणते, या प्रश्नाचे उत्तर एकट्या आकृतीत नाही आणि एकट्या श्रमिकातही नाही. जे चित्र पाहिल्यावर ही वस्तू कशी झाली आणि तिचे पुढे काय होणार, हे दोन प्रश्न मनात उठतात, ते चांगले. एर्वेने आपल्याला पहावयास शिकविले, हे ऋण मोठे आहे. पण त्याने थांबविलेले घड्याळ पुन्हा चालू करणे हे पुढच्यांचे काम आहे.

यात साहित्यसेवकांचाही एक वाटा आहे. छायाचित्राखालची ओळ लिहिणे हे आपले काम आहे. आज अशा ओळीत वास्तुशिल्प्याचे नाव असते, क्वचित छायाचित्रकाराचे असते. चित्र कोणत्या वर्षी काढले, इमारत तेव्हा किती वर्षांची होती, ती कोणी बांधली, साचे कोणत्या गावच्या सुतारांनी केले, हे नसते. आपापल्या गावातील शाळा, ग्रंथालये, नाट्यगृहे आणि पूल यांची अशी दिनांकित, नावानिशीची चित्रे जमविणे कोणत्याही अध्यापकाला विद्यार्थ्यांकरवी करता येण्याजोगे आहे. गेल्या पिढीने बांधलेल्या या वास्तू आता पन्नाशी-साठीला पोहोचत आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकींचा निकाल येत्या काही वर्षांत लागणार आहे. तो लागण्यापूर्वी त्यांना एकदा नीट पाहून घ्यावे, आणि पाहिले ते लिहून ठेवावे.